४७ वी खूण

फिनलंडच्या लॅपलंडमध्ये मी मार्चमध्ये सहा दिवस होते. त्यातले पाच सांगण्यासारखे नाहीत. कित्तिलाला उतरले, ध्रुवीय प्रकाश पाहायला बसभर गोंगाट करणाऱ्या माणसांबरोबर दोन रात्री काढल्या आणि दोन्ही रात्री आभाळ ढगांनी भरलेलं होतं. उरला तो पालास-युलास्तुन्तुरी राष्ट्रीय उद्यानाच्या जंगलातला एक दिवस.

तिथली माझी मैत्रीण बर्फमोजणी करते. तिच्यामागे स्नोशू (बर्फात पाय रुतू नयेत म्हणून बुटांखाली बांधायचे रुंद तळवे) घालून वही लिहीत चालायचं, एवढंच माझं काम. वाट ४ किलोमीटरची आणि ठरलेली. दर ५० मीटरवर एक खूण, तिथे काठी खुपसून खोली नोंदवायची, म्हणजे ८० नोंदी. शिवाय ८ ठिकाणी नळीने बर्फाचा गाभा काढून तोलायचा. वसंतात नद्यांना किती पाणी येईल ते नुसत्या खोलीवरून कळत नाही. ताज्या भुसभुशीत आणि दबलेल्या जुन्या बर्फाची खोली सारखी असली, तरी पाण्यात दुपटीहून जास्त फरक पडू शकतो.

२३ वी खूण नेमकी एका स्प्रूसच्या बुंध्याशी आली. काठी ३१ सेंटीमीटरवर टेकली. तीन पावलं बाजूला ७४ होता. झाडाच्या फांद्या बर्फ वरच अडवतात, म्हणून खाली खळगा राहतो. मी म्हटलं, "थोडं सरकूया का?" ती म्हणाली, "खूण जिथे पडते तिथेच मोजायचं. झाडाखालचं जंगलही जंगलच ना!"

उणे १९ तापमान होतं. मी एकच हातमोज्यांचा जोड नेला होता, ही माझी चूक. आत पातळ जोड हवाच. पेन्सिल धरताना बोटं वळत नव्हती. ४७ व्या खुणेवर ती पुढे निघून गेली होती, म्हणून काठी मीच खुपसली. ५२ वर अडली, मी ५२ लिहिलं. ४८ व्या खुणेवर काठी ७३ पर्यंत गेली आणि खाली मऊ, शेवाळी जमीन लागल्याचं हाताला कळलं. मागच्या वेळी असं काही जाणवलंच नव्हतं. तिथे काठी कशावर तरी टक् करून थांबली होती.

तिने पाहिलं नव्हतं. मी वळले, ५० मीटर मागे गेले, जुन्या भोकाशेजारच्या न तुडवलेल्या बर्फात काठी जोर लावून घातली. कडक थर फुटला, ६९.

तिला सांगितलं तेव्हा ती उजळली. "म्हणजे आत बर्फाचं कवच आहे. तेही लिही." मधेच ऊब येऊन वरचा थर वितळला आणि पुन्हा गोठला की असं कवच होतं. रेनडियर बर्फ उकरून खालचं दगडफूल खातात. कवच जाड असलं, तर ते तिथवर पोचत नाहीत. माझ्या ५२ मध्ये ही सगळी गोष्ट गाडली गेली असती.

५० व्या खुणेवर गाभा काढताना तळाचे साखरेसारखे दाणे दोनदा नळीतून घरंगळले. तिसऱ्यांदा जमलं: खोली ७० सेंटीमीटर, वजन १,५४० ग्रॅम. नळीचं तोंड १०० चौरस सेंटीमीटरचं, म्हणजे १५४ मिलिमीटर पाणी.

संध्याकाळी मी वहीतला ५२ खोडरबरने पुसायला निघाले, तर तिने हात धरला. एकच आडवी रेघ मारायची, खालचा आकडा वाचता आला पाहिजे. त्यामुळे ४७ समोर रेघ मारलेला ५२ आहे, शेजारी ६९, आणि माझ्या वाकड्या अक्षरात "कवच, तळापासून १७ सें.मी."