थंडी नेमकी कुणाला?

निफाडची थंडी ही दरवर्षीची बातमी. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात पारा ५-६ अंशांवर आला की पुण्या-मुंबईचे नातेवाईक फोन करतात, "काय रे, गारठलास का?" यंदा म्हटलं, माझं सोडा, मला मैनाची काळजी आहे.

मैना ही माझी मारवाडी घोडी. दत्तजयंतीला तापीकाठी सारंगखेड्याची यात्रा भरते, तिथल्या घोडेबाजारातून यंदाच आणलेली. वय ४ वर्षं, कानांची टोकं आत वळून एकमेकींना टेकलेली, आणि चेहऱ्यावर कायम "हे काय नवीन?" असा भाव.

पहिल्या रात्री मी तिच्या पाठीवर सोलापुरी चादर दुहेरी करून टाकली. सकाळी चादर लिदीत आणि मैना चादरीवर उभी. दुसऱ्या रात्री सुतळीने बांधली. शेजारच्या मळ्यात एक काका आहेत, निम्मं आयुष्य नाशकात टांगा हाकलेले. ते सकाळी आले, सुतळी सोडली आणि म्हणाले, "भाऊ, इथं हात घाला." छातीजवळच्या दाट केसांत बोटं रुतवली तर आत छान ऊब! गारव्यात घोड्याचे केस उभे राहतात, त्यांच्यात हवा कोंडते आणि तीच त्याची गोधडी होते. मी वरून चादर आवळून ती गोधडी चेपत होतो. कोरड्या अंगाच्या धडधाकट घोड्याला ५-६ अंश म्हणजे सुखाची हवा. त्याला छळतो तो अंग भिजल्यावरचा वारा. "थंडी तुम्हाला वाजतीये," काका माझ्या कानटोपीकडे बघत म्हणाले.

तरी खोड जाईना. चादर नाही तर नाही, चंदी तरी वाढवू, म्हणून भिजवलेले हरभरे दीडपट केले. घोडं कुठं पेंड खातं, ते आठवड्यात कळलं. खाल्लेली सगळी रग मैना पहाटे माझ्यावर काढायला लागली. काकांनी हरभरे कमी करून कडबा आणि वाळलं गवत वाढवायला लावलं. घोड्याच्या मोठ्या आतड्यात हा चारा तासन्‌तास आंबत राहतो आणि त्यातून उष्णता निघते. म्हणजे शेगडी पोटातच. आपण फक्त सरपण घालत राहायचं, रात्रीचं जरा जास्त.

खरी काळजी पाण्याची, आणि तीच मला सुचली नव्हती. घोड्याला दिवसाला २५-३० लिटर पाणी लागतं, पण हौदातलं गारढोण पाणी हुंगून मैना तोंड फिरवायची. कोरडा चारा आणि त्यात पाणी कमी, की पोटात मळ घट्ट होऊन पोटशूळ उठतो. घोड्याला उलटीही होत नाही, बिचाऱ्याची सुटका कुठूनच नाही. आता पहाटे बोअर चालू करून ताजं कोमट पाणी बादलीत धरतो. तिच्या घशातून एकेक घोट वर सरकताना दिसतो. ते मोजत उभं राहणं हा माझा नवा छंद.

शिकवणीचंही तसंच. लगामाचं लोखंड पहाटे बर्फासारखं असतं. पहिले दोन दिवस मैनाने दात आवळून धरले आणि मी तिला हट्टी ठरवून मोकळा झालो. मग एकदा ते लोखंड स्वतःच्या ओठांना लावून पाहिलं. तेव्हापासून आधी ते काखेत धरतो. काखेत लोखंड घेऊन तबेल्यात उभा असलेला माणूस पाहून दूधवाला काय समजतो, कोण जाणे. पण मैना आता आपण होऊन तोंड उघडते.

लगेच पळवायचं नाही. पंधरा मिनिटं नुसती पायी रपेट, मग लांब दोरीवर दोन्ही बाजूंनी गोल. जुन्या मराठीत याला कावा देणं म्हणतात. हा शब्द मला शाळेत फक्त गनिमाबरोबर भेटला होता. मधेच द्राक्षबागांतून शेकोट्यांचा धूर येतो. थंडीने मणी तडकू नयेत म्हणून लोक रात्रभर जाळ करतात. धूर दिसला की मैना चारही पाय रोवते. ओढलं की मागे सरते. मीही थांबतो, दोरी सैल सोडतो. दोनदा फुरफुरते, मान खाली घालते आणि स्वतःच एक पाऊल टाकते. तेवढं पाऊल मिळालं की त्या दिवसाचा धडा मी तिथेच संपवतो. पुढच्या पावलाची हाव धरली त्या दिवशी मी द्राक्षांच्या वेलीत पडलो होतो.

परतल्यावर अंगातला घाम वाळेपर्यंत तिला चालवायचं, मग गोणपाटाने खसाखसा चोळायचं. दाट केसांत घाम लपून बसतो. वरून कोरडं वाटतं, बोट घातलं की ओल लागते.

संक्रांतीच्या सुमारास खरारा करताना मूठभर केस हातात आले. मी घाबरून काकांना हाक मारली. ते हसले. हे केस थंडीपेक्षा दिवसाची लांबी बघून येतात आणि जातात. डिसेंबरअखेर दिवस तिळातिळाने वाढू लागला, की घोड्याचं अंग उन्हाळ्याच्या तयारीला लागतं. त्या सकाळी ६ अंश होते. मैना आपला स्वेटर उतरवत होती, आणि तो सगळा माझ्या स्वेटरला चिकटत होता.