‘बाळ-बाळंतीण सुखरूप’ म्हटल्यानंतर

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. विचारणारे तुम्ही पहिले नाही. वर्षाकाठी पाच-सहा वेळा तरी कुणाचा ना कुणाचा फोन येतोच. कधी नणंदेची जाऊ, कधी जुनी मैत्रीण. मागच्या महिन्यात तर सोसायटीतले एक काका स्वतः दारात उभे राहिले. सुरुवात ठरलेली असते. “बाळ अगदी गुटगुटीत आहे हो. डॉक्टर म्हणतात, सगळं व्यवस्थित. पण सूनबाई रात्रभर टक्क जागी असते, कुणी काही विचारलं की भिंतीकडे तोंड करते. तुमचंही अवघड झालं होतं ना? तिच्याशी नेमकं काय बोलायचं?”

मी डॉक्टर नाही, समुपदेशकही नाही. पतपेढीत नोकरी करते. माझ्याजवळ आहे ते एक बाळंतपण, २००९ सालचं, आणि त्यानंतर ऐकलेली दुसऱ्यांची बाळंतपणं.

माझी मुलगी पहाटे झाली. रडली, मला दाखवली, वार पडली. इथवर सगळं ठीक. वार पडल्यावर गर्भाची पिशवी घट्ट आवळते आणि त्या दाबानं आतल्या रक्तवाहिन्या बंद होतात. माझी आवळली नाही. रक्त वाहत राहिलं. एक सिस्टर दोन्ही हातांनी पोट दाबत होती, दुसरी म्हणत होती, “ताई, डोळे मिटायचे नाहीत.” वरच्या पंख्याच्या एका पात्याला पिवळ्या रंगाचा ओघळ सुकलेला होता. तो प्रत्येक फेरीत यायचा आणि जायचा, मी तेवढाच मोजत राहिले. चार पिशव्या रक्त चढवलं. त्या माणसांनी माझा जीव वाचवला, यात शंका नाही. त्याच माणसांपैकी एकीनं त्याआधी, कळा असह्य होऊन मी ओरडले तेव्हा, “नवऱ्याजवळ जाताना नाही ओरडलीस ती?” असं सुनावलं होतं, हेही खरं. एक खरं आहे म्हणून दुसरं पुसलं जात नाही. हे घरच्यांना समजावताना माझी फार दमछाक होते.

सकाळी आठ वाजता नवऱ्यानं सगळ्यांना मेसेज पाठवला: ‘मुलगी झाली. बाळ-बाळंतीण सुखरूप.’ रक्ताची शेवटची पिशवी तेव्हा चालू होती.

गंमत बघा. बाळंतपण म्हणजे बाईचा दुसरा जन्म, असं आपल्याकडे आजी-पणजीपासून म्हणत आलेत. दुसरा जन्म म्हणायचं, म्हणजे मधे मरणाच्या दारापर्यंत जाऊन यावं लागतं हे कबूलच आहे की. पण जाऊन आलेल्या बाईला कुणी विचारत नाही, काय दिसलं तिथे. बाळाचं नाक कुणावर गेलंय ते विचारतात.

माहेरी आले. शेक, शेगडी, धुरी, डिंकाचे लाडू, सगळं सुरू झालं. मालिशवाल्या मावशी पहिल्या दिवशी आल्या, पाय चोळले, पाठ चोळली, आणि पोटाकडे हात नेला तशी मी दचकून त्यांचं मनगट धरलं. आई ओरडली, “अगं, पोट नको का आत जायला?” मावशींनी हात मागे घेतला, तेलाची वाटी खाली ठेवली. जरा वेळानं म्हणाल्या, “हात ठेवू का?” मी नाही म्हटलं. त्या “बरं” म्हणाल्या आणि खांद्याकडे वळल्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच: “हात ठेवू का?” “नको.” “बरं.” नवव्या की दहाव्या दिवशी मी हो म्हणाले. त्यांनी तळहात नुसता टेकवला, दाबला नाही. मी तेव्हा रडले ती बहुधा अर्धा तास. मावशींना ट्रॉमा हा शब्द माहीत असण्याचं काही कारण नव्हतं. पण त्या पहाटेनंतर माझ्या अंगाला हात लावण्याआधी मला विचारणारं ते पहिलं माणूस.

काय बोलायचं याचं माझं उत्तर एवढंच आहे, बाकी सगळा त्याचा विस्तार. आधी विचारा. आणि ‘नको’ म्हणाली तर ‘बरं’ म्हणा.

हे मी शहाणपणानं शिकले असं समजू नका. मावसबहिणीचं बाळंतपण बिघडलं तेव्हा मी मोठ्या अनुभवीपणानं तिच्या उशाशी जाऊन बसले आणि “बोल, मोकळी हो, मनात ठेवू नकोस” असा धोशा लावला. ती बोलली. सगळं, पहिल्यापासून. त्या रात्री तिला तीनदा दरदरून घाम फुटला आणि पुढे कित्येक आठवडे तिनं माझा फोन उचलला नाही. नंतर वाचनात आलं की ब्रिटनमधल्या ‘नाइस’ या आरोग्यविषयक संस्थेच्या मार्गदर्शक सूचनांत हेच बजावलंय: एका बैठकीत तो प्रसंग मुद्दाम पुन्हा जगायला लावायचा नाही. तिला स्वतःहून बोलायचं असेल तर मात्र ऐकून घ्यायचं. मोकळं व्हायची वेळ तिची तिनं ठरवायची.

बोलायला लागलीच तर ‘निदान’ या शब्दानं सुरू होणारं काहीही बोलू नका. निदान बाळ तरी धडधाकट आहे. निदान पिशवी तरी काढावी लागली नाही. तिला हे सगळं माहीत असतं. ते ऐकवून आपण तिला गप्प करत असतो, बाकी काही नाही.

आता ‘अशी का वागते’ त्याबद्दल. तिसऱ्या-चौथ्या दिवशी विनाकारण रडू येतं, ते बहुतेकींना येतं आणि दोनेक आठवड्यांत ओसरतं. त्यापुढेही उदासी हटली नाही, तर ते प्रसूतीनंतरचं नैराश्य असू शकतं. गोव्यातल्या, २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात बाळंतपणानंतर सहा ते आठ आठवड्यांनी २३ टक्के आयांमध्ये ते आढळलं होतं. गरिबी, नवऱ्याशी न पटणं आणि मुलगी होणं या गोष्टींशी त्याचा संबंध दिसला. मुलगी होणं! असो.

तिसरा प्रकार वेगळा, आणि तो घरच्यांच्या चटकन लक्षात येत नाही. तो प्रसंग पुन्हापुन्हा डोळ्यांपुढे उभा राहतो, स्वप्नात येतो, दवाखान्याच्या वासानं धडधडायला लागतं. महिना उलटला तरी हे चालूच असेल तर डॉक्टर त्याला पीटीएसडी म्हणतात. भूकंपातून वाचलेल्याला असं होतं म्हटलं तर लोकांना पटतं, बाळंतिणीला होतं म्हटलं की भुवया उंचावतात. जगभरचे अभ्यास एकत्र पाहिले तर शंभरात साधारण चार जणींना होतं, गुंतागुंत झालेल्यांत बरंच जास्त. आणि ते बाहेरून आळस किंवा निष्काळजीपणा दिसतं. दीड महिन्याच्या लसी द्यायला मी गेलेच नाही, आईला पाठवलं. “स्वतःच्या लेकराला सुई टोचताना बघवत नाही म्हणे,” असं ती शेजारी सांगत होती. मला सुईचं काही नव्हतं. मला तो पंखा नको होता.

मला उपयोग झाला तो फाइलचा. चार महिन्यांनी एका ओळखीच्या डॉक्टरबाईंनी केसपेपर समोर ठेवून, मी विचारेन तेवढंच, सांगितलं. किती वाजता काय दिलं, कोण आलं. माझ्या हिशेबी तो प्रकार तीन तास चालला होता. कागदावर पन्नास मिनिटं होती. आणि मी काहीतरी चुकीचं केल्यामुळे पिशवी आवळली नाही, हे जे डोक्यात बसलं होतं, ते त्या दिवशी सैल झालं. आपले कागद मागायचा हक्क असतो, हे लक्षात ठेवा: मागितल्यापासून ७२ तासांत ते द्यावेत असा वैद्यक परिषदेचा २००२ पासूनचा नियम आहे. भांडायलाच मागायला पाहिजेत असं नाही. अर्थात भांडायचं असेल तर तेही तिनं ठरवावं.

पण फाइल, मालिश आणि मी, एवढ्यावर भागत नाही कधीकधी. ती झोपतच नसेल, बाळापासून लांब पळत असेल, तर मनोविकारतज्ज्ञांकडे न्या. यावर नेमके उपचार आहेत आणि ते लागू पडतात. १४४१६ हा टेलिमानसचा, म्हणजे मानसिक त्रासात फोनवर मदत करणारा, सरकारी नंबर रात्रीबेरात्रीही चालू असतो, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येतं. जीव नकोसा झाला असं म्हणाली, किंवा बाळाला काही करीन अशी भीती तिच्या तोंडून आली, तर नंबर-बिंबर नाही, त्याच दिवशी दवाखाना. आणि तिला एकटं ठेवायचं नाही.

नवऱ्याकडेही बघा जरा. आमच्या ह्यांनी तीन वर्षांनी पहिल्यांदा सांगितलं की रक्तपेढीत चिठ्ठी देताना हात इतका थरथरत होता की माझं नाव खिडकीतल्या माणसानं लिहिलं. तोवर मला वाटायचं, हे बाहेर बाकावर बसून होते. प्रसूतीच्या वेळी सोबतीला आपलं बाईमाणूस असू द्यावं, असं केंद्र सरकारनं सरकारी रुग्णालयांना २०१६ मध्येच कळवलंय. तेव्हा पुढच्या खेपेला, पुढची खेप असलीच तर, आधी जाऊन विचारून ठेवा की कोण आत थांबू शकेल.

तर काकांनो, मावश्यांनो, भेटायला जरूर जा. दुपारी जा, पाहुण्यांची गर्दी नसते. बाळ मांडीवर घ्या आणि तिला सांगा, जा, अंघोळ करून ये सावकाश. आल्यावर जवळ बसू का म्हणून विचारा. बसा म्हणाली तर बसा, आणि तिनं पंख्याकडे बघितलं तर आपणही गप्प राहा. डब्यातून गरम वरणभात न्या. डिंकाचे लाडू नकोत, तिच्याकडे आधीच तीन डबे आहेत.