ताम्हिणीमार्गे दिवेआगर, पुढचा ब्रेक धरणाऱ्या जुन्या गाडीवर

पुणे–ताम्हिणी–माणगाव–म्हसळा–दिवेआगर हा रस्ता आता कुणाला नवा राहिलेला नाही, त्यामुळे समुद्र कसा दिसला वगैरे लिहीत बसत नाही. वयात आलेली, पुढे डिस्क ब्रेक असलेली दीडशे सीसीची गाडी घेऊन जे कुणी हा घाट उतरणार आहेत, त्यांच्यासाठी हे लिहितोय. गाडीची कंपनी महत्त्वाची नाही. पंधरा-वीस वर्षं जुन्या कुठल्याही गाडीला हे होऊ शकतं.

चांदणी चौकातून उजाडताना निघालो. टाकी पिरंगुट-पौडलाच भरून घ्या, पुढे निजामपूरपर्यंत पंपाच्या आशेवर राहू नका. मुळशी धरणाच्या कडेकडेने गाडी मस्त चालली होती. घाट उतरायला लागल्यावर मात्र दोन गोष्टी जाणवल्या. पुढच्या ब्रेकचा लिव्हर हळूहळू कडक होत गेला, आणि उतारावर न्यूट्रल टाकूनही गाडी म्हणावी तशी पळेना. विळ्याच्या अलीकडे एका वळणावर जागा बघून थांबलो तेव्हा जळका वास नाकातच शिरला. डिस्कला हात लावू नका, कितीही मोह झाला तरी. बाटलीतल्या पाण्याचे दोन थेंब टाकले तर चर्र करून उडाले. बाटली ओतायचीही नाही, तापलेली डिस्क एकदम गार केली तर वाकते.

पंधरा-वीस मिनिटांत सगळं गार झालं आणि चाक आपोआप मोकळं झालं. या आजाराची खरी गोम इथेच आहे. सकाळी गार गाडी घेऊन गॅरेजला गेलात तर चाक भिंगरीसारखं फिरतं आणि मिस्त्री म्हणतो, "काही नाही साहेब, बिनधास्त जा." ब्रेक तापला की त्यातलं ब्रेक ऑइल फुगतं. फुगलेलं ऑइल मास्टर सिलिंडरमधल्या (हँडलवरचा, लिव्हर दाबला की ऑइल खाली ढकलणारा भाग) एका बारीक भोकातून वर डबीत परत जायला हवं. ते भोक बुजलं असेल तर दाब आतच कोंडतो, पॅड (डिस्कला दोन्ही बाजूंनी चिमटणारे गुटके) डिस्कला घासत राहतात, घासले की आणखी तापतात. उतार जितका लांब, तितकी पकड घट्ट.

म्हणून निघण्याच्या आदल्या आठवड्यात ही तपासणी घरीच, आणि गाडी तापवून करा. दहा-पंधरा किलोमीटर रहदारीतून फिरवून आणा, मेन स्टँडवर लावा, मागे कुणाला तरी वजन द्यायला सांगून पुढचं चाक उचला. लिव्हर दाबून सोडा आणि हाताने चाक फिरवा. हलकी सरसर चालते. एकाच जागी घासत असेल तर डिस्क वाकडी आहे, तो वेगळा विषय. सगळीकडे सारखंच जड असेल तर कॅलिपरचं, म्हणजे डिस्कवर बसलेल्या आणि पॅड दाबणाऱ्या भागाचं, निपल (ऑइल बाहेर काढायचा छोटा पोकळ बोल्ट) पाव आटा सैल करा, बहुतेक गाड्यांना आठ नंबरचा रिंग पाना लागतो. दोन थेंब ऑइल बाहेर आलं आणि चाक सुटलं, तर दाब आत कोंडलाय. नाही सुटलं तर दाबाचा दोष नाही, कॅलिपरमधला पॅड ढकलणारा पिस्टन किंवा कॅलिपरच्या सरकत्या पिना जाम आहेत. दाबाचा दोष निघाला तर निपल घट्ट करा, पुन्हा लिव्हर दाबून चाक जाम करा आणि आता पाइपचा वरचा, मास्टर सिलिंडरकडचा बोल्ट सैल करा. तिथे चाक सुटलं तर दोष मास्टर सिलिंडरचा. तिथे न सुटता फक्त खालच्या निपलला सुटलं तर रबरी पाइप आतून फुगलाय. बाहेरून तो नव्यासारखा दिसतो, पण ऑइल खाली जाऊ देतो आणि वर येऊ देत नाही. एवढं कळल्याशिवाय कुणालाही काहीही बदलू देऊ नका.

रस्त्याच्या कडेला आम्ही निपलपर्यंतची परीक्षा केली, चाक सुटलं. पुढे निजामपूरपर्यंत दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये, इंजिनाच्या ओढीवर आणि मागच्या ब्रेकवर उतरलो. पुढचा लिव्हर अगदी अडचणीपुरता. घाटात बऱ्याच ठिकाणी मोबाइलला रेंज नसते, तेव्हा आठचा पाना, थोडं ब्रेक ऑइल आणि एक नळी जवळ असलेली बरी. नळी म्हणजे मेडिकलमध्ये मिळणारी सलाइनची, निपलवर घट्ट बसते.

माणगाव मोठी बाजारपेठ आहे, सुटे भाग घ्यायचे तर इथेच घ्या, म्हसळ्याच्या पुढे निवड कमी होत जाते. पहिल्या गॅरेजवाल्याने चाकाकडे एकदा बघून "पूर्ण कॅलिपर बदला" असा निकाल दिला आणि ते जमत नसेल तर पिस्टनला पॉलिश पेपर मारून देतो म्हणाला. नमस्कार करून निघालो. पिस्टनवर गुळगुळीत मुलामा असतो, त्यावर पेपर मारला की चरे पडतात, चऱ्यांत गंज धरतो आणि सील फाटतं. दोन महिने ब्रेक छान चालतो, म्हणून लोक त्याला दुरुस्ती समजतात.

पुढे एक वयस्क मिस्त्री भेटले, आजूबाजूचे सगळे त्यांना चाचा म्हणत होते. त्यांनी आधी वरचा बोल्ट सैल करून बघितला. चाक सुटलं. मग टाकीवर ओलं फडकं अंथरून (ब्रेक ऑइल रंग खातं, सांडलं तर लगेच पाण्याने धुवायचं) डबीचं झाकण उघडलं. आतलं ऑइल काकवीच्या रंगाचं. तळाशी दोन भोकं असतात, एक सहज दिसणारं आणि दुसरं सुईच्या टोकाएवढं. "लिव्हर जरासाच दाब," चाचा म्हणाले, "बारक्या भोकातून कारंजं उडायला पाहिजे." कारंजं नाहीच. क्लच केबलची एक बारीक तार उलगडून त्यांनी ती भोकात अलगद फिरवली आणि तपकिरी चिकट गाळाचा कण वर आला. पुन्हा लिव्हर, आणि या वेळी ऑइलच्या पृष्ठभागावर चिमुकली उसळी. एवढ्यावर ते थांबले नाहीत. गाळ कुठून आला हा प्रश्न उरतोच, तो जुन्या रबराचा आणि जुन्या ऑइलचा असतो. बाजारातून मास्टर सिलिंडरचं किट आणायला सांगितलं. पिस्टन, दोन्ही रबरं आणि स्प्रिंग मिळून खर्च नव्या कॅलिपरच्या चौथाईतही आला नाही.

काम काढलंच आहे तर कॅलिपर उघडून त्याच्या पिनाही काढल्या. कोरड्या ठक्क. दोन पॅडपैकी एक जास्त झिजला होता, कॅलिपर सरकत नसल्याची ती खूण. पिस्टन मागे ढकलण्याआधी त्याचा बाहेर आलेला भाग साफ करावा लागतो, नाहीतर सगळा चिखल सीलच्या खाचेत जातो. चाचांनी साबणाच्या पाण्यात भिजवलेली बुटाची नाडी पिस्टनभोवती गुंडाळली आणि दोन्ही टोकं धरून मागे-पुढे ओढत राहिले, कडेची काजळी निघेपर्यंत. इथे पेट्रोल, डिझेल, इंजिन ऑइल यांतलं काहीही वापरायचं नाही, ब्रेकची रबरं त्यांनी फुगतात. पिनांनाही साधं चेसिस ग्रीस नको, रबराला चालणारं सिलिकॉनचं लावा, आणि तेही पातळ. पॅडला आणि डिस्कला त्याचा स्पर्श होता कामा नये.

ऑइलबद्दल एक सांगतो, कारण या बाबतीत लोक फार निष्काळजी असतात. डबीच्या झाकणावर डॉट ३ किंवा डॉट ४ लिहिलेलं असतं, तेच घालायचं. हे ऑइल हवेतली ओल शोषतं. ताजं डॉट ४ किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही, ओल धरल्यावर हीच हमी १५५ वर येते, आणि घाटात तेवढं तापमान गाठणं अवघड नाही. उकळलं की पाइपमध्ये वाफ होते आणि लिव्हर थेट मुठीला टेकतो. दर दोन वर्षांनी बदला, कोकणात वारंवार जाणाऱ्यांनी वर्षाने. उघडी राहिलेली जुनी बाटली वापरू नका. डबी काठोकाठ भरू नका, फुगायला जागा लागते. डॉट ५ वेगळं, सिलिकॉनचं असतं, ते यात मिसळायचं नाही.

काम झाल्यावर जागेवरच लिव्हर कडक होईपर्यंत दाबत राहा. पॅड मागे सरकलेले असतात, पहिल्या दाबाला ब्रेक लागतच नाही. गॅरेजमधून निघून पहिल्याच चौकात धडकणारे असे बरेच आहेत.

ज्यांच्या गाड्यांना पुढे ड्रम आहे त्यांचं दुखणं सोपं. केबल गंजलेली किंवा लायनर उघडणारी कॅमची दांडी कोरडी. दांडी काढा, पुसा, ग्रीसचं बोट फिरवा, केबल बदला. आतली भुकटी फुंकर मारून उडवू नका, जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतो. ओल्या फडक्याने पुसा.

माणगावहून म्हसळा, बोर्ली पंचतन, दिवेआगर. रस्ता चढ-उताराचा, ब्रेक तपासून बघायला उत्तम. मध्येमध्ये थांबून डिस्कजवळ हात धरून बघत होतो, कोमट, बस्स. दिवेआगर ते श्रीवर्धन आरावीवरून किनाऱ्याचा रस्ता घ्या, मुख्य रस्त्याने गेलात तर अर्धी मजा गेली. गाडी पुळणीवर मात्र नेऊ नका. खारी वाळू कॅलिपरच्या पिनांत एकदा गेली की वरचं सगळं पुन्हा. मुक्कामाच्या ठिकाणी विहिरीच्या गोड्या पाण्याने चाकं धुवा आणि थोडी चालवून ब्रेक सुकवा, ओला ठेवून रात्रभर उभी केली तर सकाळी पॅड डिस्कला चिकटलेले सापडतात.

पुढे दापोलीकडे जाणाऱ्यांनी हरिहरेश्वरजवळच्या बागमांडल्याहून वेसवीला जंगलजेटीने (गाड्या वाहून नेणारी फेरीबोट) खाडी ओलांडावी, आंबेतचा वळसा वाचतो. शेवटची फेरी किती वाजता ते आधी विचारून ठेवा. धक्क्याचा उतार ओहोटीला शेवाळाने निसरडा झालेला असतो. तिथे पहिला गिअर आणि मागचा ब्रेक, पुढच्या लिव्हरवरून बोटं काढूनच घ्या.