हो, ढकलली

रविवारी सकाळी नागपूरच्या सेमिनरी हिल्सचे सायकलनं दोन फेरे झाले की आमची टोळी पोह्याच्या ठेल्यावर थांबते. पोह्यांवर टर्री पडेपर्यंत टोळीतला कुणीतरी नवा गडी माझ्याकडे वळतोच. "ताई, तुम्ही सायकलनं स्पीतीला गेल्या होत्या म्हणे? सामानासकट? मग ढकलावी लागली असन न कुठंतरी?"

विचारताना आवाज जरा खाली येतो, जणू घरातलं काही विचारतोय. मी "छे, अजिबात नाही" म्हणावं अशी त्याची मनापासून इच्छा असते. तुम्ही विचारलंत म्हणून सांगते: ढकलली. भरपूर ढकलली. सिमल्याहून किन्नौर, तिथून स्पीती, मग कुंझुम खिंड ओलांडून मनाली. सव्वासहाशे किलोमीटरच्या आसपास, सतरा दिवस, त्यातले चार नुसते मुक्कामाचे. त्यात मी अडतीस किलोमीटर सायकलच्या बाजूनं चालले. हा आकडा माझ्या वहीतला आहे, मीटरमधला नाही. मीटर काय, चाक फिरलं की आकडा पुढे सरकवतो, वर कुणी बसलंय की नाही ते त्याला कळत नाही. उतरले की पेन्सिलनं लिहायचं आणि परत बसले की लिहायचं, असं मी पहिल्या दिवसापासून केलं. का केलं, माहीत नाही. शाळेत गणित शिकवते, त्याचा परिणाम असेल.

गणितच मांडायचं तर असं. माझ्या सायकलीला पुढे ३२ दात्यांचं चेनव्हील होतं, मागे सगळ्यात मोठी चकती ४६ची. एकोणतीस इंची चाक. पेडलचा एक पूर्ण फेरा मारला की सायकल साधारण एक मीटर साठ सेंटिमीटर पुढे जाते. मिनिटाला पन्नास फेरे धरले तर ताशी पावणेपाच किलोमीटर झाले. सायकल साडेचौदा किलोची, सामान पंधरा, पाणी तीन. इतकं ओझं घेऊन सैल खडीवर ताशी चारच्या खाली गेलं की हँडल स्वतःच्या मनानं फिरायला लागतं. आणि ढकलत चाललं तर? ताशी तीन. म्हणजे छाती फुटेस्तोवर पेडल मारून मी तासाला जेमतेम दीड-पावणेदोन किलोमीटर जास्त कमावणार आणि दर अर्ध्या किलोमीटरला हँडलवर डोकं टेकून तेवढंच घालवणार. हे नागपुरात कागदावर दिसलं होतं. जाण्याआधी मी पुढचं चेनव्हील २८चं करून घेतलं. फरक पडला, पण उतरण्याची वेळ त्यानं टळली नाही, थोडी लांबली.

नागपूर समुद्रसपाटीपासून तीनशे मीटरच्या थोडं वर. इथं बसून विरळ हवेची सवय करता येत नाही, हे पहिल्यांदाच सांगून टाकते, कारण दुसरा प्रश्न तोच असतो. पाय तयार होतात, फुप्फुसांना वर गेल्यावरच कळतं. आम्ही दोनदा परतवाड्याहून चिखलदऱ्याचा घाट चढून आलो, पिशव्यांत पाच-पाच किलो तांदूळ भरून. त्या घाटात मला खरा धडा मिळाला तो ढकलण्याचा. सायकलच्या डाव्या बाजूला उभं राहून ढकलायची आपल्याला लहानपणापासून सवय. मागची डावी पिशवी पोटरीवर आपटत राहते आणि डावं पेडल नडगी सोलतं. संध्याकाळी पाय पाहिले तर मांजरानं ओरबाडल्यासारखे.

तेव्हापासून सामान लावताना मी चालवण्याचा विचार करत नाही, ढकलण्याचा करते. डाव्या पिशवीत हलकं आणि मऊ: स्लीपिंग बॅग, कपडे. उजवीकडे जड: स्टोव्ह, दुरुस्तीची हत्यारं, खाणं. पिशवी कॅरियरवर जितकी मागे सरकेल तितकी सरकवायची, म्हणजे टाच लागत नाही. बूट चालायचे, पेडलला अडकणारे नाहीत. चढ फार असला तर डावा हात हँडलवर, उजवा सीटच्या मागे. दहा-बारा पावलं, ब्रेक दाबून धरायचा, तीन श्वास, पुन्हा दहा-बारा. ब्रेक नीट ओढलेला नसेल तर थांबण्यातही ताकद जाते. हे कुणी सांगत नाही.

सोबत माझा भाचा होता, चोवीस वर्षांचा. त्याला उतरणं मंजूर नव्हतं. खाबला सतलज आणि स्पीती नद्या भेटतात, तिथून नाकोपर्यंत हजार मीटरहून जास्त चढ आहे. उघडा डोंगर, झाड म्हणून नाही, आणि रस्ता दोरीच्या गुंडाळीसारखा वर वर जाणारा. तो नागमोडी करत, एका कडेवरून दुसऱ्या कडेवर, दात खात चालवत राहिला. मी दुसऱ्या वळणाला उतरले. वरून ओरडला, "मावशी, काहून उतरली?" मी म्हटलं, "तू चाल समोर." नाकोत तो माझ्या पन्नास मिनिटं आधी पोचला आणि मी गेले तेव्हा ओसरीवर झोपला होता. मी चहा मागवला.

हा हट्ट त्याला भोवला लोसरला, कुंझुमच्या अलीकडच्या गावात. काझ्यात आम्ही दोन दिवस थांबलो होतो, साडेतीन हजार मीटरच्या वर. तीन हजारांनंतर रात्रीचा मुक्काम एका दिवसात पाचशे मीटरहून जास्त वर न्यायचा नाही, आणि दर तीन-चार दिवसांनी एक रात्र तिथंच काढायची, हा नियम आम्ही पाळत होतो. लोसर चार हजार ऐंशी मीटरवर, म्हणजे हिशेबात बसत होतं. पण उंची सोसते की नाही हे फक्त उंचीवर ठरत नाही. त्या दिवशी समोरून वारा होता आणि हा एकदाही उतरला नाही. संध्याकाळी डोकं धरून बसला. जेवण नको, पाणी नको, मग उलटी. घरमालकिणीनं कुकरमध्ये डाळ शिजवली होती. त्या उंचीवर पाणी साधारण ८६ अंशांनाच उकळतं, नुसत्या पातेल्यात डाळ लवकर शिजत नाही. त्यानं दोन चमचे खाल्ले. नागपूरहून नेलेली संत्रा बर्फी पुढे केली तर तोंड फिरवलं. वर गेल्यावर त्याला गोड नकोसं झालं, आंबट-खारट चाललं असतं. पुढच्या वेळी बर्फीच्या जागी चिंचेच्या गोळ्या.

डोकं दुखत असताना वर चढायचं नाही, यावर माझी तडजोड नव्हती. दुसऱ्या दिवशी दुखणं थांबलं नाही तर गाडी करून परत काझा. त्याला झोपेत खोकला येतोय का, बोलताना अडखळतोय का, हे मी रात्री दोनदा उठून पाहिलं. फुप्फुसात पाणी होणं किंवा मेंदूला सूज येणं हे तिथंच सुरू होतं आणि त्यावर खाली उतरण्याइतका खात्रीचा उपाय नाही. सकाळी दुखणं कमी होतं, दुपारी त्यानं आपणहून खायला मागितलं. आम्ही तो दिवसही लोसरलाच काढला. मटार काढून झालेल्या शेतांच्या कडेनं हळूहळू फिरलो, बस्स.

तिसऱ्या सकाळी कुंझुमकडे निघालो. अठरा-एकोणीस किलोमीटर, वर साडेचार हजारांच्या पुढे. हवेचा दाब तिथं नागपूरच्या साठ टक्क्यांच्या आत. पाचव्या किलोमीटरला मी उतरले. शंभरेक मीटर मागे भाचा होता. तोही उतरला. काही बोललो नाही. दोघं मिळून त्या चढावर नऊ किलोमीटर चाललो. आडव्या रस्त्यावर बसायचो, चढ आला की उतरायचो. वर कुंझुम मातेच्या देवळाभोवती पताका फडफडत होत्या, गाड्या प्रदक्षिणा घालून पुढे जात होत्या. आम्हीही घातली. सायकली ढकलतच.

उतारावर मजा येईल असं वाटलं होतं. बातलपर्यंत रस्ता म्हणजे दगडांची रास, हातांना मुंग्या येतात. त्याच उतारावर माझ्या कॅरियरचा उजवा खालचा बोल्ट तुटला. तुटला म्हणजे डोकं गेलं आणि आटे फ्रेमच्या भोकातच अडकून राहिले, काढायला काही साधन नाही. पिशवी चाकाला घासायला लागली. निघण्याआधी नागपूरच्या इतवारी बाजारातून वीस-वीस रुपयांच्या दोन होज क्लिपा घेतल्या होत्या, कूलरच्या पाइपाला लावतो त्याच. ट्यूबचा तुकडा फ्रेमला गुंडाळून वर क्लिप आवळली, कॅरियरचा पाय तिच्यात धरला. पेचकस फिरवताना बोटं इतकी गार होती की क्लिप दोनदा खाली पडली.

बातलनंतर नाले. बर्फ वितळून येणारं पाणी सकाळी घोट्याला असतं, दुपारी गुडघ्याच्या वर. सकाळी सातला निघायचं आणि अकराच्या आत नाल्यांचा टप्पा पार करायचा. नागपूरकराला हे शिकवावं लागत नाही. मे महिन्यात आपण भाजीबाजार, बँक, सगळं उन्हाच्या आत उरकतोच. फक्त इथं कारण उलटं. पिशव्या काढायच्या, आधी त्या पलीकडे न्यायच्या, मग रिकामी सायकल, प्रवाहाच्या वरच्या अंगाला स्वतः उभं राहून. म्हणजे प्रत्येक नाला तीनदा ओलांडायचा. तिथल्या पावलांची नोंद वहीत नाही, पेन्सिल भिजली होती.

रोहतांगचा चढ डांबरी, त्यावर तुलनेनं सुखात चालवत गेलो. शेवटच्या उतारावर भाचा सुसाट निघून गेला आणि मनालीत सफरचंद खात उभा सापडला.

तर अडतीस किलोमीटर. पोह्यावाल्या त्या नव्या गड्याला मी आकडा सांगते तेव्हा तो जरा हिरमुसतो, मग विचारतो, "अन् भाच्यानं किती?" मी त्याला सांगते, सोळा, पण ते त्याला विचारू नका, तो नऊच सांगतो.

सायकल आता घरी आहे. अडकलेला बोल्ट अजून काढलेला नाही, क्लिप थोडी गंजली आहे. त्याच कॅरियरवरून बुधवारी भाजी येते, उजवीकडे बटाटे, डावीकडे पालक.