वेंगुर्ल्यातली आमची हातानं बुडवलेली चॉकलेटं

सासूबाई आधीपासून खोबऱ्याच्या वड्या आणि आलेपाक करून विकायच्या, चॉकलेट मी आणलं. तेव्हा जो तो सांगायचा, कंपाउंड चॉकलेट घे, वितळव, बुडव, झालं काम! स्वस्त पडतं हे खरंय, त्यात कोको बटरऐवजी, म्हणजे कोकोच्या बियांतल्या फॅटऐवजी, दुसरं वनस्पती फॅट असतं आणि टेम्परिंगची, म्हणजे चॉकलेट ठरावीक तापमानांवर गरम-गार करत बसण्याची, कटकट नाही, पण टाळूला चिकटतं हो, आणि दारच्या माडाच्या नारळाची वडी त्यात बुडवायला माझं मन काही होईना.

मग संगमरवरी फरशी आणली आणि टेम्परिंग जुन्या पद्धतीनंच शिकले. डार्क चॉकलेट डबल बॉयलरवर, म्हणजे गरम पाण्याच्या भांड्यावर ठेवलेल्या दुसऱ्या भांड्यात, 45 डिग्रीच्या पुढे नेऊन पूर्ण वितळवायचं, त्यातलं बरंचसं फरशीवर ओतून पसरायचं, गोळा करायचं, परत पसरायचं, 27-28 पर्यंत येऊन दाट झालं की उरलेल्या गरम चॉकलेटमध्ये घालून 31-32 वर आणायचं, तेव्हाच ते कडक होतं, चमकतं आणि मोडताना टक्क आवाज येतो. थर्मामीटर आहे पण मी खालच्या ओठाला थेंब लावूनही बघते, किंचित गार लागला की जमलं. सासूबाईंचंही तसंच, पाक गोळीबंद झाला की नाही ते त्या थंड पाण्याच्या वाटीत थेंब टाकूनच ठरवतात.

वड्या आदल्या दिवशी करून नीट सुकवतो कारण पाण्याचा एक थेंब जरी चॉकलेटमध्ये पडला तरी ते घट्ट होऊन बसतं. फ्रीजमधली गार वडी बुडवली की वरचं कवच तडकतं, म्हणून सगळं खोलीच्या तापमानाला. एकेक वडी काट्यानं बुडवायची, काठावर निथळवायची आणि वर काट्यानंच खूण करायची, खोबऱ्याला दोन रेघा, आलेपाकाला नागमोडी, काजूला गोल. काजूगर इथलेच, वेंगुर्ला-7 या काजूच्या जातीचे, चांगले मोठे असतात.

खरी अडचण आपल्या हवेची. दमट हवेत चॉकलेटवर ओल धरते, साखर विरघळते आणि वाळल्यावर पांढरा खरखरीत थर येतो. म्हणून पावसाळ्यात वड्या बुडवणं पूर्ण बंद, एसी लावून करता येईल पण आम्हाला ते परवडत नाही, दिवाळीनंतर थंडीत पहाटेपासून बसतो. मे महिन्यात मुंबईहून कुरियरसाठी खूप फोन येतात, त्यांना मी नाहीच म्हणते, कारण कोको बटर 34 डिग्रीच्या आसपास वितळतं आणि गाडीत त्याचं काय होईल ते दिसतंच आहे. गावी आलात तर घरून घेऊन जा, बर्फाची पाकिटं घालून थर्माकोलच्या डब्यात भरून देईन.