नेटने दांडी मारली

स्क्रीनवरच्या वायफायच्या चिन्हाचा पंखा पूर्ण भरलेला दिसतोय आणि पान मात्र उघडत नाही, यासारखा अपमान नाही. रेंजच नसती तर गोष्ट वेगळी. माणूस मुकाट्याने दुसऱ्या कामाला लागतो. इथे यजमान दारात हसत उभे आहेत आणि आत काही घेत नाहीत!

फार उशिरा मला कळलं की तो पंखा खोटं बोलत नव्हता, मीच त्याला भलतं विचारत होतो. त्याला ठाऊक असतं ते फक्त लॅपटॉप आणि राउटर यांच्यातलं. राउटरच्या पलीकडे वायर तुटलीय का, याची त्याला गंधवार्ता नसते. म्हणून आता आधी मोबाइलचा डेटा बंद करून तो त्याच वायफायवर चालतो का बघतो. चालला तर चोर बहुधा लॅपटॉपमध्ये. तोही अडला तर राउटरकडे किंवा त्याच्या पुढे.

लॅपटॉपमधला चोर पुष्कळदा मीच निघतो. एकदा तासभर सेटिंग्ज उकरली, ड्रायव्हर, म्हणजे वायफाय चालवणारं सॉफ्टवेअर, काढून पुन्हा घातला, आणि मग दिसलं की कीबोर्ड पुसताना एअरप्लेन मोड चालू झाला होता. कोपऱ्यात चक्क विमान होतं. दुसऱ्यांदा लॅपटॉपची तारीखच काही वर्षं मागे गेली होती. सुरक्षित साइट्सच्या ओळखीच्या प्रमाणपत्राला मुदत असते, ती ताडून बघताना ब्राउझर अडून बसला. बिचाऱ्या नेटला मी उगाच शिव्या घातल्या.

कधी लॅपटॉपचा आयपी पत्ता, म्हणजे नेटवर्कवरचा त्याचा घरक्रमांक, १६९.२५४ने सुरू झालेला दिसतो. त्याचा अर्थ, राउटरने पत्ता दिलाच नाही, तेव्हा लॅपटॉपने स्वतःच एक पाटी रंगवून दाराला लावली. अशा पत्त्यावर बाहेरचं टपाल येत नाही.

आणि मायक्रोवेव्ह! तो साधारण २.४५ गिगाहर्ट्झवर चालतो, वायफायच्या लहरींचा जुना पट्टा २.४चा. त्यामुळे कुणी जेवण गरम करायला ठेवलं की माझ्या मीटिंगमधला माणूस अर्ध्या वाक्यात गोठतो. ५ गिगाहर्ट्झवर गेलं की ही कटकट मिटते, पण तो पट्टा भिंतींना फार भितो. शेजारच्या खोलीत गेलं की त्याचा जीव अर्धा.

इतकं शिकूनही शेवटी मी राउटर बंद करून पुन्हा चालू करतोच. पूर्वी हा उपाय मला अडाणी वाटायचा. पण राउटर हाही एक छोटा संगणकच. दिवसेंदिवस चालू राहून त्याच्या मेमरीत काहीबाही अडकून बसतं आणि वीज गेली की ते पुसलं जातं. फक्त बंद केल्यावर अर्धं मिनिट थांबायचं, एवढा धीर हवा.

मग दिवे एकेक करून लागतात. तेवढ्या वेळात, नेट असं सारखं का जातं हे शोधायला मी लॅपटॉप उघडतो.