आमची वाटचाल : राखेचा हिशेब

जुन्नर-आंबेगावच्या डोंगरपट्ट्यात हिरड्यावर अनेक आदिवासी घरांचा उन्हाळा निघतो. कोवळेपणीच काढून वाळवलेला तो बाळहिरडा, झाडावर पक्व झालेला तो सुरवारी. आमच्या घरची जुनी आडत याच मालाची. पुढे मी त्रिफळा चूर्णाचा परवाना काढला, तेव्हा ‘दळून डब्यात भरायचं, त्यात कारखाना कसला?’ असं घरातच ऐकून घेतलं. आयुर्वेदिक औषधं कशी बनवावीत हे सांगणारे शेड्यूल टीचे नियम 2000 सालीच आले होते. कच्च्या मालाची खोली वेगळी, दळण वेगळं, प्रत्येक बॅचची नोंद वेगळी.

यंत्रांत सर्वांत आधी घेतली ती मफल भट्टी, म्हणजे नमुना जाळून राख करणारी बंद विद्युत भट्टी. चूर्ण जाळून उरलेली राख सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात उकळली की वनस्पतीचे क्षार विरघळतात. तळाशी उरते ती मुख्यतः माती आणि वाळू. अंगणात किंवा रस्त्याकडेला वाळवलेला माल इथे लगेच उघडा पडतो. त्यामुळे गोळा करणाऱ्या बायकांना जाळीच्या मांडण्या आम्हीच दिल्या आणि जाळीवर वाळलेल्या मालाला किलोमागे जादा भाव लावला. भाव वाढला तशी राख कमी झाली. उपदेशाने ती कधीच झाली नसती. शिसं 10, आर्सेनिक 3, पारा 1 आणि कॅडमियम 0.3 पीपीएमच्या (दहा लाख भागांत इतके भाग) आत आहे की नाही, हे मात्र बाहेरच्या मान्यताप्राप्त प्रयोगशाळेतूनच तपासून घेतो. तेवढं महागडं यंत्र आमच्या आवाक्यात नाही.

मग अँटिऑक्सिडंटची लाट आली. एका वितरकाला डब्यावर ‘90 टक्के अँटिऑक्सिडंट’ असं ठळक छापून हवं होतं. ही चाचणी आम्ही करतोच. डीपीपीएच नावाच्या रसायनाचं जांभळं द्रावण घ्यायचं, त्यात अर्क घालायचा. रंग पिवळ्याकडे झुकतो आणि तो किती टक्के उतरला हे 517 नॅनोमीटर तरंगलांबीच्या प्रकाशात मोजायचं. वितरकासमोर मी शेजारच्या नळीत ऑफिसातला कोरा चहा घातला. तोही पिवळा झाला. अर्क दाट केला की टक्के वाढतात, त्यामुळे नुसत्या टक्क्यांना अर्थ नाही. शिवाय डीपीपीएच हे रसायन माणसाच्या शरीरात नसतंच. नळीतल्या आकड्यावरून पोटात काय होईल ते सांगता येत नाही, म्हणूनच अमेरिकेच्या कृषी खात्याने 2012 साली आपली अशा आकड्यांची यादी मागे घेतली. आम्ही छापलं नाही. तो वितरक गेला, आणि खरं सांगायचं तर त्या वर्षी ते जाणवलं.

तरी ही चाचणी आम्ही सोडलेली नाही. आपल्याच दोन बॅचेसची तुलना करायला ती उत्तम आहे. आवळा वाळवताना क जीवनसत्त्व घटतं, पण त्यातली आणि हिरड्यातली टॅनिनं बरीच टिकतात. ओल लागलेल्या किंवा वर्षभर पडून राहिलेल्या चूर्णाचा आकडा ताज्याशेजारी ठेवला की फरक दिसतो. आयुर्वेदाचे जुने ग्रंथकार शार्ङ्गधर यांनी चूर्णाचं वीर्य, म्हणजे औषधी ताकद, दोन महिन्यांनी उणावतं असं म्हटलंय. चूर्ण किती काळ वापरता येईल याबाबत कायदा त्याहून पुष्कळ उदार आहे. आम्ही अख्खी फळं साठवतो आणि मागणीप्रमाणे दळतो. पावसाळी हवेत चूर्ण ओल धरतं, म्हणून तेव्हा दळण अगदी कमी असतं. मोठी मागणी असेल तर ज्येष्ठातच कळवा.